ओळखीचं कुणी आहे का?

आमच्या मळ्यातली विहीर अकरा वर्षं उशिरा खणली गेली, कारण सातबाऱ्यावर वडिलांचं नाव नव्हतं.

आजोबा १९७४ साली गेले. चौदा एकर जमीन, तीन मुलगे, दोन मुली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वारसाची नोंद थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, एकट्याच्या नावानं झाली आणि नावापुढं तीन अक्षरं पडली : ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. घरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. तात्या कर्ते होते आणि सगळे एका चुलीवर जेवत होते. पुढं चुली वेगळ्या झाल्या, बांध पडले, जो तो आपापला वाटा कसू लागला. कागद मात्र १९७४ मध्येच उभा राहिला.

१९८३ साली वडिलांनी विहिरीसाठी कर्ज काढायचं ठरवलं. ओढ्याच्या कडेला पाणाड्यानं जागा दाखवली होती. बँकेनं उतारा मागितला. ज्या रानात वडील नऊ वर्षं राबत होते ते बँकेच्या लेखी त्यांचं नव्हतंच. तात्यांची ना नव्हती. ते म्हणाले, "लाव की तुझं नाव, मी कुठं नको म्हणतोय?" मग अर्ज झाला आणि फेऱ्या सुरू झाल्या. एक तलाठी भाऊसाहेब बदलून गेले, नवे आले, त्यांना दप्तर सापडेना. एकदा नोटिसा निघाल्या, पण एका आत्याचं सासरचं गाव चुकीचं लिहिलं गेलं. एकदा नोंद धरली गेली आणि वर जाऊन नामंजूर झाली, कारण तिघांच्या क्षेत्राची बेरीज मूळ क्षेत्राशी जुळत नव्हती. कुणी मोठी रक्कम मागितली असं वडिलांनी कधी सांगितलं नाही. एस.टी.चं तिकीट, चहापाणी, दिवसाची खोटी, एवढंच. ते हात हलवत परत आले की आजी विचारायची, "अरे, तिथं आपल्या ओळखीचं कुणी नाही का?"

१९९४ मध्ये नोंद झाली. एका पाहुण्याच्या साडूची त्या कचेरीत बदली झाली आणि जे काम अकरा वर्षं अडलं होतं ते त्याच कागदांवर तीन आठवड्यांत उरकलं. त्या उन्हाळ्यात विहीर खणली, बेचाळीस फुटांवर पाणी लागलं. दरम्यानची अकरा वर्षं आमच्या रानात पावसाच्या भरवशावरची ज्वारी होती. शेजारच्या मळ्याचे कागद सरळ होते. तिथं त्या काळात ऊस आला, मग डाळिंब आलं, त्यांची दोन मुलं शिकायला पुण्याला गेली. माझा थोरला भाऊ दहावीनंतर कारखान्यावर कामाला लागला.

पुढं मी वर्तमानपत्रात आर्थिक विषयांवर लिहू लागले. विकसनशील देशांची वाढ आणि त्यांच्या कारभाराचा दर्जा यांचं नातं काय, यावरचे जाडजूड अहवाल वाचणं हा कामाचाच भाग होता. त्यातला एकही अहवाल मी ती विहीर आठवल्याशिवाय वाचू शकले नाही.

कारभाराचा दर्जा मोजण्याची अर्थशास्त्रज्ञांची एक प्रसिद्ध मोजपट्टी आहे. डॅनियल कॉफमन आणि आर्ट क्रे या दोघांनी जागतिक बँकेसाठी ती तयार केली. त्यातले आकडे १९९६ पासूनचे आहेत आणि ते दोनशेहून अधिक देशांचे आहेत. लोकांचा आवाज, राजकीय स्थैर्य, प्रशासनाची कार्यक्षमता, नियमांचा दर्जा, कायद्याचं राज्य आणि भ्रष्टाचारावरचा अंकुश अशा सहा बाजू त्यात तपासल्या जातात. हे आकडे सुरू होण्याच्या एक वर्ष आधी, १९९५ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ पाओलो माउरो यांनी एक निबंध लिहिला होता. ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त तिथं गुंतवणूक कमी होते आणि म्हणून वाढ मंदावते, असं त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांना मिळालं, तेही याच प्रश्नासाठी : संस्था कशा घडतात आणि त्यावर समृद्धी कशी ठरते.

हे सगळं काम मोलाचं आहे. पण अशा मोजमापांत एक मोठी अडचण आहे. ती बहुधा तज्ज्ञांच्या आणि उद्योजकांच्या मतांवर उभी असतात, आणि ती मतं देणारी माणसं शहरात राहतात. जागतिक बँकेचीच व्यवसायसुलभतेची क्रमवारी आठवा. त्या यादीत भारत काही वर्षांत १४२ वरून ६३ वर आला आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. ती पाहणी बरीच वर्षं फक्त मुंबई आणि दिल्लीपुरती होत होती. पुढं काही देशांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचं उघड झालं आणि २०२१ मध्ये बँकेनं ती क्रमवारीच बंद केली.

माझी मोजपट्टी आजीच्या प्रश्नातून आलेली आहे. ज्याच्या ओळखीचं कचेरीत कुणी नाही, त्याचं काम किती दिवसांत होतं? हे दिवस जितके कमी, तितका त्या राज्याचा कारभार चांगला. ज्याची ओळख असते त्याची विहीर कुठल्याही राज्यात वेळेवरच खणली जाते. देशाच्या उत्पन्नात भर पडते की नाही हे बाकीच्यांच्या विहिरींवर ठरतं, कारण त्यांची संख्या फार मोठी असते.

हे तपासून पाहायला परदेशी जायची गरज नाही. आमच्या गावापासून इंदापूर फार लांब नाही, आणि जवळपास दोनशे वर्षांपूर्वी त्याच मातीत एकामागोमाग दोन प्रयोग झाले होते.

पेशवाई गेल्यानंतर दख्खनच्या जमिनीवर सारा किती बसवायचा हा कंपनी सरकारपुढचा मोठा प्रश्न होता. १८२० च्या दशकाच्या अखेरीस ते काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडं आलं. इंग्लंडमध्ये हेलिबरीच्या ज्या कॉलेजात माल्थस शिकवत होता तिथं तो अर्थशास्त्र शिकला होता. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्यानं थेट पुणे जिल्ह्याच्या रानांना लावला. प्रत्येक शेताचं उत्पन्न काढायचं, त्यातून खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारनं घ्यायचे. कागदावर हे अगदी शास्त्रशुद्ध होतं. पण एका शेताचं निव्वळ उत्पन्न किती हे पुण्यात बसून कोण सांगणार? ते सांगायचं खालच्या कारकुनांनी. मापं चुकली, पैसे घेऊन काळ्या जमिनीची मुरमाड झाली आणि मुरमाडाची काळी. ज्याचं कारकुनाशी सूत होतं तो सुटला. उरलेल्यांवर सारा असा बसला की नापिकीच्या वर्षांत माणसं गावं सोडून निजामाच्या मुलखात निघून गेली आणि इंदापूरकडची रानं पडीक पडली.

१८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड नावाचा अधिकारी इंदापुरात आला. त्याच्या जोडीला लेफ्टनंट विंगेट हा इंजिनिअर होता. दोघांनी सिद्धांत बाजूला ठेवला आणि ज्या गोष्टी उघड्या डोळ्यांना दिसतात, कुणालाही तपासता येतात, तेवढ्याच मोजल्या : मातीची खोली, रंग, पोत. जमिनीच्या प्रती आण्यांत ठरवल्या. याच पद्धतीतून आलेली प्रतबंदी आजही भूमी अभिलेखाच्या दप्तरात आहे. तेहेतीस फुटी साखळीनं शेतं मोजली, हद्दीला दगड रोवले. आपला गुंठा म्हणजे त्याच साखळीचा एक चौरस. सारा पूर्वीपेक्षा बराच उतरवला. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं होतं ते पुढचं वचन. हा सारा तीस वर्षं बदलणार नाही, आणि या काळात शेतकऱ्यानं स्वतःच्या पैशानं विहीर खणली, ताली घातल्या, तर त्या वाढीव उत्पन्नावर सरकार हात घालणार नाही.

एका मोठ्या सत्तेनं साध्या कुणब्याला दिलेलं असं वचन, तेही दगड रोवून आणि आकडा लिहून, ही त्या मुलखात नवी गोष्ट होती. गेलेली माणसं परतू लागली. पडीक रानं नांगराखाली आली. पुढं हीच पद्धत मुंबई इलाख्यात सगळीकडं गेली आणि १८४७ मध्ये तिची रीतसर नियमावली झाली. दोन्ही वेळा माती तीच होती, पाऊस तोच, बैल तेच. बदललं होतं ते एवढंच की उद्या काय होणार हे शेतकऱ्याला आज कळू लागलं.

एवढ्यावर थांबले तर हा लेख इंग्रजी राजवटीचं कौतुक होईल, आणि तसं कौतुक करायला पुढचा इतिहास मोकळीक देत नाही. तीस वर्षांची मुदत संपली १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं कापसाचे भाव चढले होते आणि एकूणच महागाई होती. फेरआकारणी झाली ती त्या चढ्या दिवसांचा अंदाज घेऊन. सारा चढला आणि भाव कोसळले. दुसरीकडं, मोजणीमुळं जमीन ही विकता येणारी, गहाण ठेवता येणारी वस्तू झाली होती. पूर्वी सावकार फार तर पिकावर डोळा ठेवी, आता त्याला रान दिसू लागलं. दिवाणी कोर्टात त्याचं खत चालायचं. अक्षरशत्रू कुणबी कोर्टापर्यंत पोचायचा नाही, आणि एकतर्फी हुकूमनामा व्हायचा.

१२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावच्या बाजारात लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. ते वाचताना लक्षात राहतं ते हे की लोकांना मुख्यतः खतं, रोखे, हुकूमनामे हवे होते. ते हाती आले की त्यांची होळी व्हायची. जिथं सावकारानं कागद मुकाट्यानं काढून दिले, तिथं बहुतेक वेळा त्याच्या अंगाला हातही लागला नाही. दंगलीची चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. खतावर काय लिहिलंय तेवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार त्यानं कोर्टाला दिला.

ज्या कागदानं सुमारे चाळीस वर्षांपूर्वी पडीक रानं लागवडीखाली आणली, तोच कागद जाळायला माणसं उठली. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो या घटनेनंतरच्या दशकात. त्यात कुलकर्णी, कारकून आणि कोर्टकचेरी यांच्या जाळ्याचं जे वर्णन आहे ते विकासाच्या अर्थशास्त्रात अजूनही पुरेसं वाचलं गेलेलं नाही. कारभाराचा दर्जा म्हणजे नुसती मालमत्तेची हमी, असं मानणाऱ्या अभ्यासकांनी सुप्याची गोष्ट वाचायला हवी. हमी दोघांना सारखी वाचता आली पाहिजे. एकाला वाचता येते आणि दुसरा अंगठा उठवतो, तेव्हा ती हमी पहिल्याच्याच कामी येते.

जमिनीच्या व्यवस्थेचा परिणाम किती काळ टिकतो? अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजांनी जिथं सारावसुली जमीनदारांकडं सोपवली ते जिल्हे आणि जिथं रयतेशी थेट व्यवहार ठेवला ते जिल्हे, अशी त्यांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळातली तुलना केली. जमीनदारी कायद्यानं गेल्यानंतरही, दशकं उलटली तरी, जमीनदारी जिल्ह्यांत शेतीचं उत्पादन मागं होतं. सुधारित बियाणं आणि खतं तिथं कमी पोचली, शाळा आणि दवाखानेही कमी. रयतवारी भागांतली माणसं सरकारकडं एकत्र मागणी करायला शिकली होती. जमीनदारी भागांतल्या माणसांचा एकमेकांवर विश्वास नव्हता, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

महाराष्ट्राच्या पोटातच या दोन्ही व्यवस्था होत्या. पश्चिम महाराष्ट्र रयतवारी, आणि नागपूर प्रांतात भंडारा-चांद्याकडं मालगुजारी. एक गोष्ट मात्र त्या अभ्यासाच्या चौकटीत सहज बसत नाही. पूर्व विदर्भातले हजारो तलाव मालगुजारांच्या काळात बांधले गेले, कोहळी समाजाच्या पिढीजात कौशल्यानं. त्यांची डागडुजी, गाळ काढणं, पाणी सोडण्याच्या पाळ्या हे सगळं मालगुजाराच्या धाकानं आणि गावाच्या श्रमानं चालायचं. १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली. जायलाच हवी होती. तलाव सरकारजमा झाले, काही जिल्हा परिषदेकडं, काही पाटबंधारे खात्याकडं. लोकांच्या तोंडी ते 'मामा तलाव' झाले, माजी मालगुजारी. जुना धनी गेला आणि नवा धनी म्हणजे एक खातं होतं, ज्याच्या कारकुनाला तलावाचं नावही माहीत नसायचं. गाळ साचला, पाळी फुटल्या, पोटात अतिक्रमणं झाली. अन्यायाची व्यवस्था मोडणं आणि तिच्या जागी जबाबदार व्यवस्था उभी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं एका कायद्यानं होतं. दुसऱ्याला पिढ्या लागतात, आणि त्यासाठी अर्थसंकल्पात शीर्ष नसतं.

हे आपल्याकडंच घडतं असं नाही. घानातल्या अक्वापिम भागात मार्कस गोल्डस्टीन आणि क्रिस्टोफर उड्री यांनी शेतं पडीक ठेवण्याचा अभ्यास केला आणि २००८ मध्ये तो छापून आला. तिथं खताऐवजी जमिनीला विश्रांती देऊन कस राखतात. पण जमीन कुळाच्या ताब्यात असते आणि पडीक दिसली की दुसऱ्याला दिली जाण्याची भीती असते. गावात ज्यांच्याकडं काही पद होतं ते निर्धास्तपणे पुरेशी वर्षं शेत पडीक ठेवत. ज्यांच्या पाठीशी कुणी नव्हतं ते घाईनं पुन्हा पेरत, कस उतरत जाई, उत्पन्न घटे. स्त्रियांच्या शेतांचं नुकसान त्यात मोठं होतं. ज्ञान दोघांकडं सारखंच होतं. आजीचा प्रश्न तिथल्या भाषेतही असणार.

रवांडानं २००९ ते २०१३ या काळात साऱ्या देशाची जमीन नोंदवली, एक कोटीहून अधिक तुकडे. पद्धत साधी होती. हवाई छायाचित्रं छापली, गावातलीच तरुण मुलंमुली प्रशिक्षण देऊन कामाला लावली आणि शेजाऱ्यांसमक्ष बांधावरून चालत जाऊन चित्रावर रेघ ओढली. महागडी अचूक मोजणी त्यांनी टाळली, चार माणसांच्या साक्षीला किंमत दिली. नवरा-बायको दोघांची नावं लागली. सुरुवातीच्या भागांत पाहणी केली तेव्हा ताली आणि बांधबंदिस्तीवरचा खर्च वाढलेला दिसला, आणि स्त्रियाच कर्त्या असलेल्या घरांत तो जास्त वाढला होता. त्यानंतरचा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे. पुढच्या खरेदी-विक्रीची नोंद करायला लागणारं शुल्क गरिबाला परवडेना, म्हणून व्यवहार पुन्हा तोंडी होऊ लागले. नोंदवही एकदा भरून चालत नाही, ती रोज भरावी लागते.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. चीनचं काय? तिथं स्वतंत्र न्यायालयं नाहीत, जमिनीची खाजगी मालकी नाही, तरी वाढ झालीच ना? वाढ आधी येते आणि चांगला कारभार मागून परवडतो, असं म्हणणारे अर्थशास्त्रज्ञ आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पैसा आल्याशिवाय चांगले पगार, संगणक, प्रशिक्षित मोजणीदार येत नाहीत. पण चीनच्या वाढीची सुरुवात कुठं झाली ते पाहावं. १९७८ च्या हिवाळ्यात आनहुई प्रांतातल्या शियाओगांग गावात अठरा शेतकरी रात्री एका घरात जमले. सामुदायिक जमीन घरटी वाटून घ्यायची, सरकारचा वाटा भरायचा, उरेल ते आपलं, असं ठरलं. कायद्यानं तो गुन्हा होता. त्यांनी एका कागदावर ते लिहिलं आणि अंगठे उठवले. कुणी पकडला गेला तर बाकीच्यांनी त्याची मुलं सांभाळायची, हेही त्यात होतं. पुढच्या वर्षी धान्याच्या राशी वाढल्या आणि सरकारनं ती पद्धत दडपण्याऐवजी देशभर चालू दिली. १९७८ ते १९८४ या काळात चीनच्या पिकांच्या उत्पादनात जी वाढ झाली तिच्यातला जवळपास निम्मा वाटा या बदलाचा होता, असा अर्थशास्त्रज्ञ जस्टिन लिन यांचा हिशेब आहे. कोर्ट नव्हतं, मालकी नव्हती. तरी उद्याच्या पिकाबद्दलचं एक वचन होतं आणि ते पाळलं गेलं. इंदापूरचं वचन आणि हे वचन यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

आता आपल्याकडं. राज्यात अडीच कोटींहून अधिक सातबारे आहेत. गावाच्या दप्तरात एकवीस नमुने असतात. सातवा नमुना हक्काचा, बारावा पिकांचा, म्हणून सातबारा. गेल्या दोन दशकांत हे सगळं संगणकावर आलं. २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या निघतो. २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं कामांना मुदती घातल्या. सलोखा योजनेत, एकमेकांच्या नावावरची जमीन वर्षानुवर्षं कसणाऱ्या शेतकऱ्यांना नाममात्र खर्चात अदलाबदल नोंदवता येऊ लागली. २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. ज्यांनी जुने दिवस पाहिलेत त्यांना हा बदल किती मोठा आहे ते कळेल. माझे वडील उताऱ्याच्या नकलेसाठी दिवस घालवायचे.

तरी संगणकानं कागद वेगानं मिळतो, खरा होतोच असं नाही. बांध एकीकडं आणि रेघ दुसरीकडं, हे जुनंच दुखणं आहे. गट एकत्रीकरणात झालेल्या चुका, न झालेल्या खातेफोडी, 'इतर हक्कात' पडून राहिलेला फेडलेल्या कर्जाचा बोजा, हे सगळं जसंच्या तसं टंकून पडद्यावर आलं. शिवाय आपल्या कायद्यानं सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाहीच. तो बरोबर आहे असं गृहीत धरलं जातं, कुणी खोटं ठरवेपर्यंत. खरेदीखत नोंदवलं जातं तेव्हाही सरकार दस्त नोंदवतं, विकणारा खरा मालक आहे याची हमी घेत नाही. 'दक्ष' या संस्थेनं २०१६ मध्ये केलेल्या पाहणीत दिवाणी दाव्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश दावे जमीन आणि मालमत्तेचे निघाले. या प्रत्येक दाव्यामागं एक न खणलेली विहीर, न बांधलेलं गोदाम किंवा न उभी राहिलेली पोल्ट्री असते. राज्याच्या सकल उत्पन्नाच्या आकड्यात ती दिसत नाही, कारण जे झालंच नाही ते मोजणार कसं?

या उन्हाळ्यात मी एका गावात मोजणीच्या दिवशी हजर होते. दोन सख्खे भाऊ, दीड गुंठ्याचा वाद, नऊ वर्षांचा अबोला. मोजणीदार तरुण होता, हातात उपग्रहावरून जागा सांगणारा रोव्हर. सकाळी आठला त्यानं जुना हद्दीचा दगड शोधायला सुरुवात केली. अर्धा तास खोदल्यावर बाभळीच्या मुळाशी तो सापडला तेव्हा सगळे गप्प झाले. धाकट्या भावानं खिशातून रुमाल काढून दगडावरची माती पुसली. दुपारी खुणा दाखवून झाल्या. हद्द थोरल्याच्या बाजूनं चौदा फूट सरकली. मी मोजणीदाराला विचारलं, कुणी दबाव आणतं का? तो म्हणाला, "मॅडम, फोन दोघांकडूनही येतात. दोघांच्याही ओळखीचं कुणीतरी असतंच. म्हणून मी आधी दगड शोधतो." मग त्यानं पाण्याची बाटली उघडली आणि पुढच्या गटाची फाईल काढली. एका मोजणीदाराकडं अशी किती प्रकरणं साठली असतात हे त्या फाईलींच्या गठ्ठ्यावरूनच दिसत होतं. यंत्रं आली, माणसं मात्र पुरेशी आली नाहीत.

वडील गेल्या वर्षी गेले. वारसाच्या नोंदीसाठी भावानं गावातल्या केंद्रावरून अर्ज भरला. आईचं, त्याचं आणि माझं, अशी तीन नावं. नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत गेली, हरकत आली नाही आणि सव्विसाव्या दिवशी नोंद मंजूर झाली. आम्ही कुणाला फोन केला नाही. त्या कचेरीत आता आमच्या ओळखीचं कुणी नाही.

त्याच वेळी, जुने स्कॅन केलेले फेरफार चाळताना, मला १९९४ ची ती नोंद दिसली. तीन आठवड्यांत झालेली. जबाबाखाली दोन्ही आत्यांचे अंगठे होते आणि वर लिहिलं होतं की आम्हाला हिस्सा नको, भावांच्या नावे नोंद करावी. १९५६ च्या वारसा कायद्यानं त्यांना आजोबांच्या जमिनीत वाटा दिला होता. ती विहीर माझ्या मनात नेहमी वडिलांवरच्या अन्यायाची गोष्ट होती. तिच्या काठावर आणखी दोघी उभ्या होत्या, हे मला तीस वर्षांनी कळलं.

थोरल्या आत्या गेल्या. धाकट्या आत्या आता ब्याऐंशीच्या आहेत. मी त्यांना फोन केला, तो अंगठा आठवतो का म्हणून विचारलं.

"आठवतो की," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापानं बैलगाडी पाठवली होती. विहिरीचं काम आडलंय म्हणाला. मला कुणी इचारलं न्हाई, आन् मीबी काय बोलले न्हाई." थोडा वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी सांगितलं की आता उताऱ्यावर माझंही नाव लागलंय.

"बरं झालं," आत्या म्हणाल्या. "आन् हिरीला पाणी हाय का गं अजून?"